क्रांतिक बिंदूजवळ विष्यंदिता वाढते, मग वाहकता का कोसळत नाही?

प्रश्न
पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी आयसोब्युटिरिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणाची विद्युतवाहकता मोजत आहे. वजनाने सुमारे ३९ टक्के आम्ल असलेले हे मिश्रण साधारण २६ अंश सेल्सियसच्या वर एकजीव असते, त्याखाली त्याचे दोन थर होतात; हाच त्याचा क्रांतिक बिंदू. थंड करत त्या तापमानाजवळ नेले की द्रव दुधाळ दिसू लागतो, पण वाहकतेच्या आलेखात ठळक असे काहीच घडत नाही. तेथे विष्यंदिता (द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) वाढत असताना आयनांची चाल मंदावायला नको का?

प्रतिसाद १
विष्यंदितेची वाढ फार क्षीण असते. संहतीतील (घटकांच्या प्रमाणातील) चढउतारांची व्याप्ती, म्हणजे सहसंबंध लांबी, हजारपट झाली तरी विष्यंदिता जेमतेम दीडपट होते. शिवाय आयन अगदी लहान असल्यामुळे त्याला लगतच्या रेणूंचाच अडथळा जाणवतो, शेकडो नॅनोमीटर पसरलेल्या चढउतारांचा नव्हे. या मिश्रणात आयन आम्लाच्या विघटनातूनच येतात आणि ते विघटनही निकटच्या परिसरावर अवलंबून असते. हे निकटचे सहसंबंध ऊर्जेप्रमाणे वागतात, म्हणून वाहकतेतील विसंगत भाग (तापमानाबरोबरच्या नेहमीच्या बदलापलीकडचा भाग) क्रांतिक तापमानापासूनच्या अंतराच्या (१ − α) या घाताने बदलतो, असे मानले जाते. येथे α, म्हणजे क्रांतिक बिंदूजवळ उष्माधारकता कशी वाढते हे सांगणारा घातांक, सुमारे ०.११ आहे. म्हणजे वाहकता सांत राहते, अनंताकडे जातो तो तिचा उतार. तेव्हा आलेख वाहकतेचा नव्हे, तिच्या तापमान-अवकलजाचा (तापमानाबरोबर ती बदलण्याच्या दराचा) काढून पाहा.

प्रतिसाद २
वरील विवेचन पटते, मात्र घातांकाबाबत सावध राहावे. १९७० च्या दशकात पारगमनाच्या (वाहक भाग एकमेकांना जोडून सलग वाट तयार होण्याच्या) कल्पनेवरून २β, म्हणजे सुमारे ०.६५, हाही घातांक सुचवला गेला होता (β हा दोन थरांच्या संहतींतील फरक क्रांतिक बिंदूकडे जाताना कसा नाहीसा होतो ते सांगतो), आणि तापमानाचा पट्टा अरुंद असेल तर दोन्ही वक्र सारखेच चपखल बसतात. नेहमीचा तापमानावलंबी भाग आधी सरळ रेषा धरून वजा करण्याची पद्धत मला धोक्याची वाटते; तो आणि विसंगत भाग एकत्रच जुळवावेत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. दोन तापमानांच्या मध्ये मी दहा मिनिटे थांबतो. तेवढे पुरेल का?

प्रतिसाद १
क्रांतिक बिंदूपासून दूर असताना कदाचित पुरेल, जवळ मुळीच नाही. तेथे विसरण मंदावत जाते, त्यामुळे संहती समतोलात यायला लागणारा वेळ वाढतच जातो. घड्याळ लावून थांबण्यापेक्षा वाचन स्थिर होईपर्यंत थांबावे, आणि एकजीव अवस्थेतूनच खाली यावे, कारण थर वेगळे झाल्यावर इलेक्ट्रोड कोणत्या थरात आहेत यावर आकडा ठरतो. प्रवाह प्रत्यावर्ती आणि अल्प ठेवावा, नाहीतर त्याच्याच उष्णतेने तापमान सरकेल.