भांडण शब्दन् शब्द आठवतं, चांगला दिवस मात्र नाही, असं का होतं?

सायली_क: धाकट्या बहिणीत बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीचे (भावना फार तीव्र, नाती सतत वर-खाली) ट्रेट्स, म्हणजे त्यातली काही लक्षणं, आहेत असं डॉक्टर म्हणाले. कोण काय टोचून बोललं ते तिला जसंच्या तसं आठवतं, पण चांगलं काही विचारलं तर पाटी कोरी, आणि कधीकधी भांडणाचा मधला भागच आठवत नाही म्हणते. घरचे म्हणतात नाटकं करते, मला नाही तसं वाटत.

शांतपणे: ताई, नाटक नाहीये. जिथे लक्ष जातं तेच आठवणीत पक्कं बसतं ना, आणि या ट्रेट्समध्ये लक्ष सारखं 'मला टाकतील का' या खुणांवर असतं, साधा निर्विकार चेहरापण रागावलेला वाटतो. मधला भाग उडतो ते डिसोसिएशन, म्हणजे मन त्या क्षणापासून तुटल्यासारखं होणं, असू शकतं, खूप ताण आला की होतं, डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात बॉर्डरलाइन डिसऑर्डरचे जे 9 निकष आहेत त्यांत ते आहेच. निदानाला त्यातले किमान 5 लागतात, नुसते ट्रेट्स म्हणजे डिसऑर्डर नव्हे.

मिरजकर: एडीएचडी (लक्ष न टिकणं, फार चंचलपणा) पण तपासून घ्या, दोन्ही एकत्र बरेचदा सापडतात. एडीएचडीत लक्षणं वयाच्या 12 वर्षांच्या आतच दिसलेली असतात, त्यामुळे शाळेतलं आठवून डॉक्टरांना सांगा.

सायली_क: शाळेत तर एकदम व्यवस्थित होती हो. थेरपीत लक्षावर काही काम करतात का?

शांतपणे: हो, डीबीटीत, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत. मार्शा लिनेहान यांनी काढलेली थेरपी, त्यात माइंडफुलनेस हे पायाचं कौशल्य, म्हणजे लक्ष मुद्दाम आत्ताच्या गोष्टीवर आणायची सवय. आणि प्लीज, ती चिडलेली असताना 'तू असं म्हणालीच नव्हतीस' यावर वाद घालू नका, शांत झाल्यावर बोला.