सलग किनारी पायवाट आखायची, तर सुरुवात कोठून करावी?

पुळण:

आमचा पायी भटकणाऱ्यांचा एक गट सुमारे 150 किलोमीटर लांबीच्या सलग किनारी पायवाटेचा आराखडा तयार करत आहे. नकाशावर रेघ ओढण्याचे काम आम्ही दोन बैठकांत उरकले. मात्र प्रत्यक्ष चालू लागल्यावर ती रेघ जवळजवळ प्रत्येक वळणावर अडली. कोठे खाडीचे मुख आडवे आले, कोठे कुंपण, तर एके ठिकाणी कड्याचा काठच गेल्या वादळात ढासळलेला निघाला. त्यातच गटात दोन तट पडले आहेत. बाहेरच्या पर्यटकांना ओढून आणील अशी संपूर्ण वाट एकदमच जाहीर करावी, असे काहींचे म्हणणे आहे. तर रोज फिरायला बाहेर पडणाऱ्या रहिवाशांना उपयोगी पडतील असे छोटे टप्पे आधी पक्के करावेत, असे इतरांना वाटते. वाट समुद्राला किती चिकटून असावी, खासगी जमिनीचा प्रश्न कसा हाताळावा आणि खाड्या कशा ओलांडाव्यात, याविषयी अशा वाटा चाललेल्या किंवा आखलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कातळकडा:

आपण रेघ आखलीत, येथेच पहिली गफलत झाली, असे मला स्पष्टपणे वाटते. किनारा स्वतः जागेवर राहत नाही, त्यामुळे त्याच्या काठची वाटही एका जागी खिळवून ठेवता येत नाही. इंग्लंडमध्ये 2009 च्या सागरी व किनारी प्रवेशासंबंधीच्या कायद्यानुसार जी किनारवाट आखली जात आहे, तिच्या प्रस्तावांत अशी तरतूद करता येते की कडा ढासळला किंवा किनारा खचला, तर वाटही तेवढीच आत सरकेल आणि दर वेळी सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागणार नाही. जमीनमालकांशी आपली जी काही बोलणी होतील, त्यांत हा मुद्दा पहिल्याच दिवशी मांडावा. आज मिळालेली दोन मीटरची पट्टी दहा वर्षांनी समुद्रात गेली, तर पुन्हा त्याच दारात नव्याने याचना करत उभे राहण्याची वेळ येते, आणि तोवर जमीन दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते.

फ्रान्सचा मार्ग वेगळा आहे. तेथे 31 डिसेंबर 1976 च्या कायद्याने समुद्रालगतच्या खासगी जमिनींवर तीन मीटर रुंदीच्या पट्टीपुरता पादचाऱ्यांचा वहिवाटीचा हक्क निर्माण केला. मालकी मालकाकडेच राहते, फक्त चालणाऱ्याला अडवता येत नाही. त्याच कायद्याने 1 जानेवारी 1976 पूर्वी बांधलेल्या राहत्या घरांपासून पंधरा मीटरांच्या आतील जागेला सर्वसाधारणपणे या हक्कातून सूटही दिली. मला या सुटीचे महत्त्व हक्काइतकेच वाटते, कारण बहुतेक मालकांचा विरोध चालण्याला नसून आपल्या खिडकीखालून अनोळखी माणसे जाण्याला असतो. असा कायदा हाताशी नसेल, तर लेखी करार करावा, त्यात वाट सरकवण्याची मुभा असावी आणि कुंपण, फाटक व अपघाताची जबाबदारी कोणाची, हे स्वच्छ शब्दांत लिहिलेले असावे. तोंडी परवानगीवर एक खांबही रोवू नये.

लाटांकाठी:

खाड्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लांब किनारवाटेवर चालणाऱ्यांचे जीव धोक्यात येतात ते बहुधा तेथेच. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील माइनहेड ते ‘पूल’ नावाचे बंदर ही 630 मैलांची, म्हणजे सुमारे 1,014 किलोमीटरची वाट अनेक नदीमुखांवर होडीने पार करावी लागते, आणि त्यांतील काही होड्या ठरावीक हंगामातच चालतात. अर्म नदीच्या मुखाशी तर होडीच नाही. ओहोटीच्या आधी व नंतर साधारण एक तास एवढ्याच अवधीत पाण्यातून चालत पलीकडे जाता येते, एरवी लांबचा वळसा पडतो. एवढ्या नावाजलेल्या वाटेवर हे चालते, म्हणून आपल्याकडेही चालेल, असे कृपया मानू नये.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, ही गोष्ट नवख्याला ठाऊक नसते. खलाशी ढोबळमानाने बारा भागांचा हिशेब धरतात: ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन आणि एक भाग चढते. भरती-ओहोटीतील फरक तीन मीटर असेल, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम 25 सेंटीमीटर वाढते आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात मात्र तेच पाणी 75 सेंटीमीटर चढते. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकत असल्याने फलकावर कायमची वेळ रंगवून ठेवण्यात अर्थ नसतो. म्हणून पायी उतारावर, म्हणजे पाण्यातून चालत पलीकडे जाण्याच्या जागेवर, विसंबलेली वाट हीच मुख्य वाट मानू नये. पुलापर्यंतचा वळसा हीच अधिकृत वाट ठरवावी, त्याचे अंतर आणि लागणारा वेळ खाडीच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच्या शेवटच्या फाट्यावर लिहावा, आणि होडी किंवा उतार ही केवळ सवलत समजावी. चालून दमलेल्या माणसाला काठावर उभे करून ‘आता 12 किलोमीटर मागे फिरा’ असे सांगितले, तर तो पाण्यात पाय घालणारच.

आडवाट:

वाट समुद्राला होता होईल तो चिकटून असावी, हा आग्रह मला पटत नाही. वर उल्लेख आलेल्या नैर्ऋत्य इंग्लंडच्या वाटेचे बरेच भाग तस्करांवर नजर ठेवणाऱ्या किनारारक्षकांच्या गस्तीतून पडले, आणि प्रत्येक कोनाडा वरून न्याहाळणे हे त्यांचे कामच असल्यामुळे ती वाट काठ सोडत नाही. आपल्याला तस्कर पकडायचे नाहीत. भरतीच्या रेषेवरील मोकळ्या वाळूत काही पक्षी अंडी घालतात आणि ती अंडी वाळूच्या रंगाची असल्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसतही नाहीत. विणीच्या काळात वाट आतल्या बाजूने नेण्याची सोय आराखड्यातच हवी. वाळूच्या टेकड्यांवरील गवत पायांनी एकदा मेले की वारा पुढचे काम करतो, म्हणून तेथे लाकडी फळ्यांचा उंच मार्ग करावा किंवा टेकड्या सरळ टाळाव्यात. समुद्र सतत दिसत राहिला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघतही नाही, हे माझे खासगी मत.

सांजफेरी:

आपल्या गटातील दोन तटांचे भांडण मला अनाठायी वाटते. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील ओल्ले वाटेचा पहिला टप्पा 2007 मध्ये खुला झाला आणि पुढे एकेक टप्पा जोडत आज ती 27 टप्प्यांची, सुमारे 437 किलोमीटरची झाली आहे. ‘ओल्ले’ या शब्दाचा अर्थच मुळी रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत नेणारी अरुंद बोळवाट असा आहे. प्रत्येक टप्पा एका दिवसात संपण्याजोगा असल्यामुळे रहिवासी सुटीच्या दिवशी एखादा टप्पा चालतात आणि पाहुणे ते सगळे एकापाठोपाठ जोडतात.

मात्र टप्पा एका दिशेचा असला, की परत कसे यायचे, हा प्रश्न उरतोच. वेल्समधील पेंब्रुकशर किनाऱ्यावर यासाठी वाटेला समांतर बससेवा चालवल्या जातात. तेथे मुरलेले चालणारे आधी बसने दूरच्या टोकाला जातात आणि आपल्या गाडीकडे चालत येतात, म्हणजे शेवटची बस चुकण्याची धास्ती राहत नाही. बस जेथे थांबू शकत नाही, तेथे टप्प्याचे टोक ठेवू नये, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मे टप्पे आपोआप ठरतील.

देखभालीविषयीही एक सांगतो: वाट पायांपेक्षा पाण्याने अधिक बिघडते. तिला बाहेरच्या बाजूला हलका उतार दिला आणि चढावर जागोजागी पाणी वळवणारे आडवे दगड बसवले, तर स्वयंसेवकांच्या श्रमदानावर ती तग धरते. नाहीतर तिचा ओहोळ होतो. उद्घाटनासाठी निधी सहज मिळतो, झुडपे छाटण्यासाठी मिळत नाही.

पुळण:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बसच्या थांब्यांवरून टप्पे ठरवण्याचे सुचलेच नव्हते. दोन टोकांना बस येते असा 9 किलोमीटरचा एक टप्पा आमच्याकडे आहे आणि त्यात एकच लहान खाडी आहे. तेथील उतार सुरक्षित आहे का, हे येत्या अमावास्येच्या ओहोटीला मोजून पाहण्याचे ठरवत आहोत.

लाटांकाठी:

अमावास्येला अवश्य मोजा, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. उधाणाच्या दिवसांत ओहोटी सर्वांत खोल जाते, त्यामुळे उतार नेहमीपेक्षा उथळ दिसेल. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक सर्वांत कमी असतानाची, ओहोटी पाणी फारसे खाली नेत नाही, आणि अमावास्येला घोट्यापर्यंत पाणी असलेली जागा तेव्हा कंबरेएवढी खोल असू शकते. दोन्ही मोजमापे घ्या, आणि नदीला पूर असतानाचे तिसरे मोजमाप काठावर उभे राहूनच घ्या.