कार्बोरेटरची जुनी ८००: सिग्नलला थांबल्यावर इंजिन थरथरते

जुनीगाडी_पुणे

नमस्कार. माझ्याकडे १९९७ सालची, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेली मारुती ८०० आहे; वडिलांनी घेतलेली, वेळोवेळी फेरनोंदणी करून जपलेली. गेल्या दोन महिन्यांपासून सिग्नलला थांबले की इंजिन इतके थरथरते की स्टिअरिंगवर ठेवलेला हातही हलतो. सकाळी चोक ओढलेला असेपर्यंत ते नीट चालते, चोक आत ढकलला की मिसिंग (मधूनच ठोका चुकणे) सुरू होते आणि रेस वाढवली की पुन्हा थांबते. एका गॅरेजमध्ये प्लग, प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी बदलून झाली, कार्बोरेटर धुऊन झाला आणि शेवटी आयडलचा (गाडी उभी असतानाच्या इंजिनाच्या गतीचा) स्क्रू आवळून गाडी परत मिळाली. आता ती सिग्नलला बंद पडत नाही, पण किल्ली फिरवून बंद केल्यावरही दोन-तीन सेकंद खडखडत राहते. पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड ०.६ टक्के, म्हणजे तीन टक्क्यांच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आले, मात्र हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा ओलांडून गेले. नवा कार्बोरेटर घ्यावा असे सुचवण्यात आले आहे. त्याआधी घरी काय तपासता येईल?

पाना_आणि_पक्कड

कार्बोरेटरचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. निदानाचा बहुतेक भाग तुमच्या प्रश्नातच आलेला आहे. चोक ओढल्यावर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि तेवढ्यापुरते इंजिन सुधारते, याचा अर्थ एरवी त्याला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा मिळते आहे. पीयूसीची पावतीही तेच सांगते: मिश्रणात पेट्रोल जास्त असते तर मोनॉक्साइड वाढले असते; ते कमी आणि हायड्रोकार्बन जास्त, म्हणजे पातळ, पेट्रोल कमी असलेले मिश्रण एखाद्या सिलिंडरमध्ये न पेटताच बाहेर पडत आहे. तीनच सिलिंडर असलेल्या इंजिनात एकाने दगा दिला की संपूर्ण गाडी हादरते.

रेस वाढवल्यावर त्रास जातो, कारण आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेले असते, आत येणारी हवा मुळातच थोडी असते आणि त्यात चोरवाटेने शिरलेली हवा मोठा वाटा उचलते; थ्रॉटल उघडले की तिचे प्रमाण नगण्य होते.

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळीला) जोडलेला एकेक रबरी पाइप, जोडाच्या शक्य तितका जवळ, कापड गुंडाळलेल्या पकडीने क्षणभर दाबून पाहा. ज्या पाइपने इंजिन एकदम शांत होईल, चोर त्याच वाटेवर आहे. कशानेच फरक पडला नाही, तर कार्बोरेटरच्या बुडाचे आणि मॅनिफोल्डचे गास्केट (सांधा बंद करणारी पट्टी) पाहावे लागेल. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पाइपवर विश्वास ठेवू नका, भेग बरेचदा वळणाच्या खालच्या, न दिसणाऱ्या अंगाला असते. आणखी एक विचारतो: तुमच्या गाडीला ब्रेक बूस्टर (मॅनिफोल्डमधल्या ओढीवर चालून ब्रेक हलका करणारा डबा) आहे का, आणि अलीकडे ब्रेक जड लागतो का?

घाटरस्ता

वरील उत्तराशी सहमत आहे, दोन गोष्टी जोडतो. गास्केट तपासण्यासाठी चालू इंजिनवर कार्बोरेटर क्लीनर फवारण्याची युक्ती अनेक जण सांगतात, पण गरम सायलेन्सर आणि प्लगच्या वायरी यांच्या शेजारी तसे करणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो. दुसरे, हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण आणखी पातळ होते, म्हणून पूर्वी खपून गेलेली बारीक गळती आता जाणवते. इंधनाच्या मार्गातले त्या काळचे रबर त्याला फारसे टिकत नाही, तेव्हा पेट्रोलचे पाइपही याच फेरीत पाहून घ्या.

जुनीगाडी_पुणे

बूस्टर आहे, आणि ब्रेक जड लागतो हे खरे, पण ते वयोमानाने असेल असे समजून मी तिकडे दुर्लक्ष केले होते. आज बूस्टरचा पाइप मॅनिफोल्डजवळ दाबताच इंजिन सरळ झाले. काढून पाहिला तर क्लिपखाली घासून अर्ध्या बोटाएवढी चीर पडली होती. दुकानदाराने पेट्रोलचा साधा पाइप कापून देण्याची तयारी दाखवली आहे. तो चालेल का?

पाना_आणि_पक्कड

मुळीच नाही. साधा पाइप आतील ओढीने चपटा होतो आणि नेमका ब्रेक लावण्याच्या वेळी बूस्टर निकामी ठरू शकतो. बूस्टरसाठीचाच जाड पाइप घ्या. त्यात एकदिशा व्हॉल्व्ह असेल, त्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे. तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. पाइप बसल्यावर आयडल बरेच वर गेलेले आढळेल, कारण गळती झाकण्यासाठी आवळलेला स्क्रू अजून तसाच आहे. तो सैल करून आयडल पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा, मग मिश्रणाचा स्क्रू लावा. किल्ली बंद केल्यावरची खडखड बहुधा त्यातच थांबेल. न थांबल्यास कार्बोरेटरवरचा, किल्ली बंद होताच पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवरची झडप) तपासा, किल्ली चालू-बंद करताना त्याचा टिक असा आवाज यायला हवा. त्यानंतरच पुन्हा पीयूसीला जा.