नवीन ४ बाय ४: डिझेल घेऊ की टर्बो पेट्रोल?

चिखलवाट: नवीन ऑफरोडर घ्यायचीय पण इंजिनपाशी अडकलोय. रोजचं ऑफिस अगदी जवळ, सुट्टीत मात्र चिखल, दगड, चढ असतंच. काय घेऊ?

गिअरवाला: डिझेलच! टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरतानाच मिळतो, दगडांवर हळूहळू चढताना त्याचा खरा फायदा, आणि एका टाकीत लांब जाते.

रानवारा: जरा थांब भाऊ, रोज छोट्याच फेऱ्या असतील तर नवीन डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नीट तापतच नाही, काजळी साचते आणि मग वॉर्निंग लाइट, लिंप मोड (इंजिन स्वतःच ताकद कमी करतं) सगळं सुरू.. मी तर पेट्रोल म्हणेन, लो रेंज (हळू पण जास्त जोर देणारे गिअर) असेल तर टॉर्कची कसर बरीच भरून निघते.

गिअरवाला: हे पटलं, छोट्या फेऱ्यांना पेट्रोलच बरं. फक्त पाण्यात जपून, इनटेकमधून (इंजिन हवा ओढतं ती वाट) पाणी आत गेलं की दोन्ही इंजिनं सारखीच मरतात.