एकही गाणं न गाळता?
"ज्यातलं एकही गाणं गाळून पुढे जावंसं वाटत नाही, तोच अल्बम यादीत" ही आवडत्या अल्बमांच्या यादीसाठी या चर्चेत कुणीतरी सुचवलेली कसोटी तत्त्वतः मान्य. पण ती सगळ्यांना सारखी लावली तर सीडीच्या काळातल्या अल्बमांवर अन्याय होतो. १९४८मध्ये एलपी (लाँग-प्ले तबकडी) आली तेव्हा एका बाजूला जेमतेम वीस-बावीस मिनिटं मावायची. म्हणजे चाळीसेक मिनिटांत सगळं आटपायचं, काटछाट आपोआप व्हायची. सीडीवर ७४ मिनिटं मिळाली आणि भरताड गाणीही आत शिरली. (आवडत्या कलाकारांनीही हे केलंय, नाव घेत नाही.) अल्बम एका दमात ऐकणंही तेव्हापासूनच अवघड झालं असावं.

दुसरं म्हणजे, आपण नेमकी कुठली आवृत्ती निवडतोय? इथे तीन-चार जणांनी बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' घेतलाय. १९६६मध्ये तो ब्रिटनमध्ये १४ गाण्यांचा निघाला, अमेरिकेत मात्र ११च. गाळलेली तिन्ही गाणी बँडमधल्या जॉन लेननची, त्यामुळे तिथल्या श्रोत्यांना तो बराच वेगळा ऐकू आला असणार. मी स्वतः कितीतरी वर्षं एका आवडत्या अल्बमची कॅसेटवर भरून घेतलेली प्रत ऐकत होतो. पुढे मूळ क्रम कळला तेव्हा तो मला चुकीचा वाटला! अजूनही दुसरं गाणं संपलं की कानात कॅसेटवरचंच तिसरं सुरू होतं. माझ्या यादीत तो आहे, पण कॅसेटच्या क्रमाने.