पीसी रोज रात्री बंद, तरी अप टाइम आठवड्यांचा? आणि एक्सेलमध्ये गिऱ्हाईक जपानी!

बग_भावा
मंडळी नमस्कार. मी गोकुळ शिरगावला एका छोट्या कंपनीत कोड लिहितो, पण घरच्यांच्या हिशोबात सॉफ्टवेअरवाला म्हणजे प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळं लक्ष्मीपुरीत मामांचं शेतीपंपाच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे तिथला पीसी पण माझ्याच गळ्यात. तर इषय असा की बिलाचा प्रिंटर मधनंच अडकतोय, बिलं रांगेत पडून राहतात. मामा रात्री रीतसर शटडाऊन करतात, वर भिंतीवरचं बटन पण बंद करतात, सकाळी चालू केलं की प्रिंटर तसाच रुसलेला. मी जाऊन रीस्टार्ट मारला की लगेच चालू. मामांचं म्हणणं, "तुझा हातगुण हाय." आता टास्क मॅनेजर उघडून बघितला तर परफॉर्मन्समध्ये अप टाइम, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे ते, आठवड्यांचा दाखवतोय, रोज बंद होणाऱ्या मशीनचा! हे कसं काय?

आणि दुसरं, बिलिंग सॉफ्टवेअरमधनं गिऱ्हाईकांची यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामानं तोडलेली साधी मजकुराची फाइल) काढली की एक्सेलमध्ये मराठी नावांचं काहीतरीच होतंय. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, गोल चिन्हं आणि मधे मधे येनचं चिन्ह. मामा विचारतात, आपलं गिऱ्हाईक कागल-गडहिंग्लजचं, जपानी कधी झालं?

रंकाळा_रनटाइम
हातगुणाचे पैसे घेत जा की मर्दा, फुकट कशाला 😂 आमच्या गल्लीत माझी ख्याती "वायफायवाला" म्हणून आहे, बी.ई. झालेलं कुणाच्या लक्षात पण नाही.

सेमीकोलन_काकी
पहिल्या प्रश्नाचं सांगते. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, फास्ट स्टार्टअप नावाची गोष्ट आली आणि बऱ्याच मशीनवर ती आपोआप चालूच असते. ती असली की शटडाऊन म्हणजे पूर्ण शटडाऊन नसतो. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, लॉगआउट होतं, पण कर्नल (विंडोजचा गाभा), ड्रायव्हर आणि मागं चालणाऱ्या सर्व्हिसेस जशा आहेत तशा हार्ड डिस्कवर हायबरफिल नावाच्या फाइलीत उतरवून ठेवतात आणि सकाळी तिथनंच उचलतात. म्हणजे गिऱ्हाईकं बाहेर काढून शटर ओढलं, पण गल्ल्यावरचा माणूस आतच झोपलाय, सकाळी उठला की कालचंच अर्धवट बिल पुढं लिहायला घेतो. प्रिंट स्पूलर, म्हणजे छापायची रांग सांभाळणारा, ही पण अशीच सर्व्हिस, त्यामुळं अडकलेला स्पूलर अडकलेलाच उठतो. भिंतीवरचं बटन बंद करून काही फरक पडत नाही, सगळं डिस्कवर लिहून झालेलं असतं. अप टाइम पण म्हणूनच शून्यावर येत नाही, कर्नलच्या दृष्टीनं तो कधी मेलेलाच नाही.

रीस्टार्टमध्ये मात्र हे काही होत नाही, तिथं सगळं खरंच नव्यानं चालू होतं. तुमच्या हातगुणाचं गुपित एवढंच आहे हो भाऊ, मामांना सांगू नका.

उपाय: शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक केलं की पूर्ण बंद होतो. कायमचं करायचं तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटनं काय करतात ते पान, तिथं आधी "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" वर क्लिक करावं लागतं (हे नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा मिसळ खायला घालून विचारायचंय, अनअव्हेलेबल आहे तर चेंज कसं करू), मग फास्ट स्टार्टअपची टिक काढा.

जाळ_धूर_404
टिक-बिक कशाला, सरळ पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ मारायचं, अॅडमिनवाल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये. (मोबाइलवरनं मराठी कीबोर्डनं लिहितोय, समजून घ्या.) हायबरफिल फाइलच उडते, रॅमच्या साधारण 40 टक्के असते ती, 8 जीबीच्या मशीनवर तीनेक जीबी जागा फुकटात.

सेमीकोलन_काकी
दुकानातल्या डेस्कटॉपला चालेल, पण लॅपटॉपवाल्यांनी वाचून लगेच मारू नका, त्यानं हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून बंद व्हायची सोय) पण जातं. आणि मामांचा पीसी जुन्या हार्ड डिस्कवर असंल तर फास्ट स्टार्टअप काढल्यावर सकाळी चालू व्हायला जास्त वेळ घेणार, एसएसडी असंल तर फारसं जाणवत नाही. माझं मत विचाराल तर जिथं प्रिंटर-स्कॅनर जोडलेत तिथं काढूनच टाकावं. त्याच मशीनवर विंडोजबरोबर लिनक्स पण असंल (ड्युअल बूट) तर नक्कीच, नाहीतर विंडोजचं पार्टिशन लिनक्सला झोपलेलं दिसतं आणि त्यावर लिहू देत नाही.

रंकाळा_रनटाइम
मामांसाठी सोपं सांगू का, डेस्कटॉपवर शॉर्टकट बनव, त्यात शटडाऊन, स्लॅश एस, स्लॅश टी, शून्य. कमांडनं केलेला शटडाऊन पूर्णच असतो, फास्ट स्टार्टअपवाला अर्धवट (हायब्रिड) पाहिजे असंल तर वेगळं सांगावं लागतं. शॉर्टकटला नाव दे "दुकान बंद". आधी बिलिंग बंद करायचं तेवढं सांग.

युनिकोड_वहिनी
जपानी गिऱ्हाईकांचं माझ्याकडं आहे. फाइल यूटीएफ-8 मध्ये (सगळ्या भाषांची अक्षरं आकड्यांत लिहायची पद्धत) आहे, पण डबल क्लिक केल्यावर एक्सेल ती विंडोजच्या जुन्या इंग्रजी कोडपेजनं, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यानं, वाचतंय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइटचं. पहिला बाइट कायम ई0 (बाइट असे हेक्स आकड्यांत लिहितात), म्हणून तो तिरक्या रेघेचा ए सारखा सारखा दिसतो. दुसरा बाइट ए4 किंवा ए5. ए4 म्हणजे ते गोल चलनाचं चिन्ह, ए5 म्हणजे येन! व्यंजनं आणि काना ए4 मध्ये येतात, तर दीर्घ ईकार, दोन्ही उकार, एकार, ओकार, औकार, पाय मोडायची खूण हे सगळे ए5 मध्ये. त्यामुळं पाटलांच्या नावात एकच येन आणि चौगुलेंच्या नावात तीन 😄 "कोल्हापूर" पण तीन येनचं, आपल्याला वाटतात अक्षरं चार, जावास्क्रिप्टला लेंग्थ विचारली तर 9 सांगतं आणि डिस्कवर 27 बाइट.

उपाय: एक्सेल आधी उघडा, डेटा टॅबमधनं फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही, फाइल ओरिजिनमध्ये 65001 (म्हणजे यूटीएफ-8) निवडा. नाहीतर फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह अॅज करताना एन्कोडिंग "यूटीएफ-8 विथ बॉम" घ्या, मग डबल क्लिकनं पण मराठी नीट येतं. बॉम म्हणजे फाइलीच्या सुरुवातीचे तीन बाइट, ते बघून एक्सेलला कळतं. पायथॉननं फाइल बनवत असाल तर एन्कोडिंगला यूटीएफ-8-सिग द्या.

बग_भावा
काकी, वहिनी, नाद खुळा! आत्ता दुकानातच बसलोय. फास्ट स्टार्टअप काढलं, बंद-चालू केलं, अप टाइम दोन मिनिटं दाखवतोय. रांगेतली सगळी बिलं एकदम बाहेर आली, त्यात गेल्या आठवड्याची पण. नावं पण नीट आली. मामांनी चौगुलेंना फोन करून तुमच्या नावात तीन येन आहेत म्हणून सांगितलं, त्यांना काय कळलं देव जाणे. आता मामांना यादीत मोबाइल नंबर भरून हीच फाइल सेव्ह करायचीय, काही अडचण?

युनिकोड_वहिनी
थांबा थांबा. सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-8" हाच प्रकार निवडायचा. साधा "सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड" घेतला तर सगळी मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात, आणि ती परत येत नाहीत कारण मूळ बाइटच गेलेले असतात. मघाचा घोळ नुसता वाचण्याचा होता, हा लिहिण्याचा. मूळ फाइलीची एक कॉपी आत्ताच्या आत्ता पेनड्राइव्हवर टाका, मग मामांच्या हातात माउस द्या.