ड्रूल्समधले नियम डीएमएनमध्ये नेताना क्रमाचं काय?

प्रश्न: सवलतीचे नियम ड्रूल्समध्ये (नियम चालवणारं सॉफ्टवेअर) आहेत. विक्रीवाल्यांना ते स्वतः वाचायचे-बदलायचेत, म्हणून डीएमएनचे (निर्णयाचे नियम तक्त्यांत मांडायची प्रमाण पद्धत) तक्ते करतोय. अटी सहज उतरल्या, पण सेलियन्सवर (कुठला नियम आधी चालवायचा हे सांगणारा आकडा) घोडं अडलंय.

उत्तर १: डीएमएनमध्ये सेलियन्स नाहीच. हिट पॉलिसी (अनेक ओळी जुळल्या तर काय करायचं ते ठरवणारी खूण) ‘फर्स्ट’ ठेवली तर वरून पहिली जुळणारी ओळ लागू होते. पण कुणी ओळ सरकवली की निकाल बदलला! मी ‘युनिक’च ठेवतो, म्हणजे एका वेळी एकच ओळ जुळायला हवी. ‘५००० पर्यंत’ आणि ‘५००० पासून’ अशा दोन ओळी असल्या, की नेमक्या ५००० ला दोन्ही जुळतात आणि घोळ लगेच उघडा पडतो.

उत्तर २: आधी नियमांत अपडेट (माहिती बदलल्याचं ड्रूल्सला कळवणारी आज्ञा) आहे का बघा. एका नियमाने माहिती बदलली की ड्रूल्स बाकीचे पुन्हा तपासतं. तक्ता तसं करत नाही. ती साखळी वेगवेगळ्या निर्णयांत तोडावी लागते.

प्रश्नकर्ता: अपडेट आहे. एकूण सवलतीच्या नियमात. तिथूनच सुरुवात करतो.